वर बटाटे, खाली बाबा

मी, ग्लाफिरा तिखोनोव्ना मोरोश्किना, वय ऐंशी, शाळेची शेवटची परीक्षा पास, काम आयुष्यभर घरचं, राहणार निझ्नये ओसोकिनो, लाकूडगिरणीमागची गल्ली, हे माझं मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, चष्मा लावून, दिवसाउजेडी लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तसा दाखला दिला आहे. दाखला देण्यापूर्वी त्यांनी मला वार विचारला. मी वार, तारीख, त्या दिवसाचे संत आणि उपवासाला तेल चालतं की नाही हेही सांगितलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "पुरे, आजी." मला कुणी दमदाटी केलेली नाही. केली असती तर तीही इथे लिहिली असती.

मृत्युपत्र करण्याचं कारण एकच: माझ्या घरामागच्या बटाट्याच्या वाफ्यात कुणीही फावड्याच्या पात्याहून खोल खणू नये. बाकीची कलमं कागद उरला म्हणून.

कलम पहिले. मिळकतीचं वर्णन.

सदर वाफ्याच्या चतुःसीमा येणेप्रमाणे: पूर्वेस निवृत्त पोलीस एर्मोलाय कुझ्मिच दुद्निक यांचं कुंपण, जे ते दर वसंतात माझ्या बाजूला चार बोटं सरकवतात, पश्चिमेस माझा कोबी, दक्षिणेस बेरीची झुडपं, उत्तरेस सरपणाची खोपी, वर बटाटे, खाली पाखोमीबाबा.

हे शेवटचं नगर-कचेरीच्या नकाशात नाही. म्हणून खुलासा करते.

पाखोमीबाबा आमच्या गावाबाहेरच्या मठातले साधू. मी लहान असताना मठ बंद झाला, घंटा उतरवल्या, देवळात ट्रॅक्टर आले. बाबांनी मग घरोघरी चुली बांधायचं काम धरलं आणि माझ्या आईने त्यांना आमच्या आवारातल्या खोपीत जागा दिली. सदतीस साली त्यांना पकडून नेलं. अधिकाऱ्याने नाव विचारलं.

"पाखोमी."

"कागदावर लुका बेर्द्निकोव आहे."

"लुका दीक्षेच्या दिवशी मेला, साहेब. साधू होणं म्हणजे तेच."

"मग तू कोण?"

"त्याच्यानंतरचा."

अधिकाऱ्याने लिहिलं, आरोपी मेल्याचं सोंग करतो. त्याबद्दल दहा वर्षं. बाबा पुढे सांगायचे, "सहा वर्षांनी त्यांना माझं म्हणणं पटलं." कारण त्रेचाळीस साली आईच्या नावाने शिक्क्याचा कागद आला की लुका बेर्द्निकोव छावणीत मयत.

पुढल्या वर्षी आमच्या गावातलं छोटं देऊळ उघडायला परवानगी मिळाली. तेव्हा प्रेत नसताना करायचे अंत्यविधी मी बाबांसाठी करून घेतले. पुरोहितांनी रीतीप्रमाणे मूठभर माती मंत्रून पुडीत दिली. ती थडग्यावर टाकायची असते. थडगं कुठे होतं? मी ती चहाच्या रिकाम्या डब्यात घातली आणि डबा देवांपाशी ठेवला. आमच्या देवळात दोन चिठ्ठ्या द्यायच्या असतात, एक जिवंतांच्या नावांची, प्रकृतीसाठी. दुसरी मृतांच्या नावांची, शांतीसाठी. त्या दिवसापासून दर रविवारी बाबांचं नाव मी मृतांच्या चिठ्ठीत देऊ लागले.

पंचावन्न सालच्या शरदात मी अळंबी खारवत बसले होते. दार उघडलं.

"ग्लाशा, घाबरू नकोस."

"मी कशाला घाबरू? पण बाबा, तुम्ही तर गेलात."

"कधी?"

"त्रेचाळीसमध्ये. कागद आलाय."

ते बाकावर बसले. दाढी कुरवाळत बराच विचार केला. "तरीच," म्हणाले. "त्या सुमारापासून मला फार शांत वाटायला लागलं. बाकीचे रात्रंदिवस झुरायचे, आणि माझं मन कसं गार. मला वाटलं, हवा मानवली. तू माझं नाव कुठल्या चिठ्ठीत देत होतीस?"

"मृतांच्या."

"तिथंच राहू दे. औषध लागू पडलंय, बदलू नये."

मी त्यांना मातीचा डबा दाखवला. त्यांनी वास घेतला, म्हणाले, "चांगली माती आहे, वाया का घालवायची?" आणि तिच्यात कांदा लावला. तेव्हापासून सोळा हिवाळे आमच्याकडे उपवासाला ताजी कांद्याची पात असे.

कलम दुसरे. कागद कसा चुकला.

छावणीत बाबांच्या शेजारच्या फळीवर गेरासिम नावाचा घोडेचोर होता. त्याला हुडहुडी भरली म्हणून बाबांनी त्याला आपला कापूस भरलेला कोट घातला. कोटावर बाबांचा नंबर. पहाटे गेरासिम त्या कोटात मेला आणि बाबा म्हणून पुरला गेला. मोजणीला गेरासिमचं नाव पुकारलं. कुणी ओ दिली नसती तर हजेरी जुळेपर्यंत सगळ्यांना बर्फात उभं राहावं लागलं असतं, म्हणून बाबांनी ओ दिली. पुढे ते चोराची शिक्षा भोगून, चोराच्या कागदावर सुटले.

मी म्हटलं, "मग त्याच कागदावर राहा की."

"अगं, दुसऱ्याचं नाव वापरणं म्हणजे चोरी. आणि तीही चोराच्या घरी?"

ते सरळ कचेरीत गेले आणि म्हणाले, मी गेरासिम नाही. तो कागद कारकुनाने काढून घेतला. मग म्हणाले, मी लुका. कारकून म्हणाला, लुका मयत. जिवंत असल्याचा दाखला राहत्या जागेहून आणा. राहत्या जागेची नोंद ओळखपत्राशिवाय होत नाही. ओळखपत्र मयताला देत नाहीत. बाबा घरी आले ते लग्नाहून आल्यासारखे. "ग्लाशा, दीक्षा घेताना मी जगाला मेलो असं नुसतं तोंडाने म्हटलं होतं. सरकारने ते शिक्का मारून पुरं केलं. फुकट!"

कलम तिसरे. माझे दिवंगत पती नाझार यांजविषयी.

नाझार गिरणीत कामाला. कामावरून आले, तर मोठ्या चुलीच्या वरच्या उबेच्या जागेवर, जिथे ते स्वतः पाठ शेकायचे, तिथे दाढीवाला माणूस.

"हे कोण?"

"पाखोमीबाबा. मयत आहेत."

"बरं," नाझार म्हणाले, आणि आपले लोकरी बूट तिथून उचलून बाकाखाली ठेवले. एवढंच. एकोणीस वर्षं पाठ दुखली, पण ती जागा त्यांनी परत मागितली नाही. बाबा गेल्यावरही चढले नाहीत. असा नवरा सगळ्यांना मिळो. बोलत नसत, हा एक दोष सोडून. त्यांची आरी, रंधा आणि पटाशा पुतण्या वेनियामिनला. वापरायच्या, भिंतीवर टांगायच्या नाहीत.

कलम चौथे. एर्मोलाय कुझ्मिच.

यांचा उल्लेख कुंपणामुळे वर आलाच आहे. तेव्हा ते आमच्या गल्लीचे पोलीस, मिशा नुकत्या फुटलेल्या. पहिल्यांदा आले ते टोपी न काढता.

"वहिनी, तुमच्याकडे नोंदणी नसलेला माणूस राहतो."

"माणूस नाही साहेब, मयत." मी कागद पुढे केला. त्यांनी दोन्ही बाजूंनी वाचला. मागची बाजू कोरी होती, तीही वाचली.

"प्रेत घरात तीन दिवसांच्या वर ठेवता येत नाही."

"मग घेऊन जा."

चुलीवरून बाबांनी विचारलं, "बूट घालू का?"

एर्मोलाय कुझ्मिच मटकन बसले. "याला पकडला," म्हणाले, "तर वरचे विचारणार, हा जिवंत असल्याचं तू कशावरून ठरवलंस? जिवंत ठरवला तर त्रेचाळीसचा कागद चुकला. सरकारी कागद चुकला असं मी लिहू? मी? मला दोन लेकरं आहेत, वहिनी."

"मग बटाटे खा," मी म्हटलं.

त्यांनी खाल्ले. मग दर महिन्याला येऊ लागले. चुलीवर बघायचे, जेवायचे आणि अहवालात लिहायचे: परिस्थितीत बदल नाही. यांच्यावर माझा राग आहे आणि तो मी इथेच फेडून टाकते: इतक्या वर्षांत त्यांनी एकदाही मीठ पुरेसं आहे असं म्हटलं नाही.

पण सगळंच हसण्यावारी गेलं असं कुणी समजू नये. एकदा जिल्ह्याहून व्याख्याते आले. विषय, मेलेला माणूस आजवर कधीही परत आलेला नाही. सक्तीची हजेरी. वाक्य पुरं झालं आणि अख्ख्या सभागृहाने मान वळवून मागच्या रांगेकडे पाहिलं. बाबा उठले, कमरेतून वाकून नमस्कार केला आणि बसले. व्याख्यान आटोपलं. त्या आठवड्यात दोन परके लोक बाबांना मोटारीतून घेऊन गेले. परत आणून सोडलं तेव्हा त्यांचा डावा हात वर होत नव्हता. क्रूसाची खूण उजव्यानेच करायची असते, तेव्हा काही अडलं नाही, असं म्हणाले.

आणि एक. रोज पहाटे ते झोपेतच चुलीवरून उतरत आणि दाराशी ताठ उभे राहत. मोजणीसाठी. डोळे उघडे, पण घरात नसत. विचारायचे, "सगळे आहेत का?" पहिल्यांदा मी म्हटलं, बाबा, अहो घरी आहात. ते तसेच उभे. पायाखाली फरशी गार. शेवटी मी म्हटलं, "सगळे आहेत. झोपा." लगेच वर चढले आणि झोपले. मग रोज तेच. मी परगावी गेले की नाझार म्हणायचे. आयुष्यात एवढं एकच वाक्य त्यांनी रोज म्हटलं असेल.

कलम पाचवे. दुसरं मरण.

एकाहत्तर साली, बटाटे लावायच्या दिवसांत, बाबा खरोखर गेले. आदल्या दिवशी मला म्हणाले, "वर क्रूस लावलास तर येऊन उपटतील. बटाटे लाव. तूच उपटशील."

एर्मोलाय कुझ्मिच महिन्याच्या भेटीला आले. "परिस्थितीत बदल?"

"आहे," मी म्हटलं.

त्यांनी टोपी काढली. मी ती काढलेली तेव्हा पहिल्यांदा पाहिली; खाली टक्कल होतं. मग स्वतः मृत्यूच्या दाखल्यासाठी कचेरीत गेले. कारकून म्हणाला, "याला एकदा दिलाय. एका माणसाला दोन मिळत नाहीत." दाखल्याविना स्मशानात जागा नाही. पुरोहितांकडे गेले, तर ते म्हणाले, अंत्यविधी चव्वेचाळीसमध्ये झालाय, माती दिली आहे, आता आणखी काय करू?

तेव्हा नाझार, एर्मोलाय कुझ्मिच आणि मी, तिघांनी मिळून खणलं. वर्दीतला माणूस खड्ड्यात उभा राहून विचारत होता, "वहिनी, हे कायद्याने कशात बसतं?" नाझार म्हणाले, "आळ्यात." कांदा उपटून डब्यातली माती बाबांवर टाकली. कांदा आम्ही तिघांनी जेवताना खाल्ला. संध्याकाळच्या आत बटाटे लावून झाले. त्या वर्षी पीक मध्यम आलं. चमत्कार वगैरे काही नाही, उगाच कुणी पसरवू नये.

कलम सहावे. मठ आणि चांदीची पेटी.

राज्य बदललं. पत्र आलं की लुका बेर्द्निकोव निर्दोष होता. ट्रॅक्टर गेले, मठ पुन्हा सुरू झाला आणि मठाधिपती सिल्वेस्तर महाराजांनी उत्तरेकडे जाऊन, छावणीच्या दफनभूमीतून, बाबांच्या नंबराच्या खुंटीखालच्या अस्थी आणल्या. चांदीची पेटी, काच, समया. लोक बसने येतात. मीही गेले, रांगेत उभी राहिले, मनापासून चुंबन घेतलं. मग महाराजांना जेवायला बोलावलं आणि सगळं सांगितलं.

त्यांचा काटा हातातच राहिला. "म्हणजे, आजी, पेटीत घोडेचोर आहे?"

"गेरासिम."

"अहो, लोकांचे गुडघे बरे झालेत!"

"झाले ना? मग होऊ द्या. प्रभूच्या शेजारच्या क्रूसावरच्या चोराला सगळ्यांच्या आधी स्वर्ग मिळाला, हे तुम्हीच दर वर्षी वाचता."

महाराजांनी आणखी बटाटे घेतले. खाता खाता खिडकीतून वाफ्याकडे बघत होते. मग घसा खाकरून म्हणाले, "पण खरे बाबा जर बाहेर काढले..."

"तर गेरासिमला कुठं ठेवाल? परत बर्फात? त्या बिचाऱ्याला आयुष्यात एक कोट मिळाला आणि मेल्यावर एक पेटी. दोन्ही बाबांच्या नावावर. बाबांनी कोट परत मागितला नाही, तुम्ही पेटी मागणार?"

महाराजांनी ताटातले बटाटे संपवले. मग म्हणाले, "मीठ छान आहे, आजी." हे मी एर्मोलाय कुझ्मिच यांना मुद्दाम कळवलं.

कलम सातवे. वेनियामिन.

घर, आवार, विहीर, चूल हे सगळं पुतण्या वेनियामिन यालाच. जवळचं दुसरं कुणी नाही, आणि पोरगा वाईट नाही, फक्त त्याला पाहुण्यांसाठी वाफेचं न्हाणीघर बांधायचं आहे. ते कुठे, तर नेमकं वाफ्यावर.

"काकू, ऊन तिथेच येतं. दोन मीटर पाया घेतला की शंभर वर्षं बघायला नको."

"तिथे बटाटे आहेत."

"बटाटे बाजारात मिळतात!"

"तिथे पाखोमीबाबा आहेत, वेन्या."

तो हसला. "ते मठात पेटीत आहेत, काकू. मी स्वतः पाहुण्यांना दाखवून आणलंय. तुमच्याकडे कागद आहे का काही?"

कागद नाही. हेच तर. त्या वाफ्यात कायद्याने कुणी नाही. खणायला आलेल्या मजुराच्या फावड्याला हाडं लागतील, मग पोलीस येतील, वर्तमानपत्र येईल, गेरासिमची पेटी उघडतील आणि बाबांना पुन्हा कुठल्या तरी टेबलावर नंबर चिकटवून ठेवतील. तो माणूस पुन्हा नंबराखाली जाता कामा नये. गेली दोन वर्षं मी याच चिंतेत होते. अखेर उपाय सुचला. रविवारी देवळात, दोन्ही चिठ्ठ्या हातात असताना.

बाबांना मृत्यूचा दुसरा दाखला मिळाला नाही. मला मिळेल. माझ्या नावावर अजून एकही दिलेला नाही.

कलम आठवे. माझं दफन.

सबब मला त्या वाफ्यातच पुरावं, बाबांच्या कडेला, एक हात अंतर सोडून. तशी नगर-कचेरीची खास परवानगी मिळाली आहे. अर्ज महाराजांच्या सहीने गेला आणि एर्मोलाय कुझ्मिच कचेरीच्या बाकावर रोज जाऊन बसले. ते बोलत काहीच नव्हते, नुसते बघत होते, म्हणून मंजूर झाला. परवानगी देवांच्या तसबिरीमागे आहे. नोंदलेल्या थडग्याभोवती पाया खणता येत नाही. कायद्याचं ते कलम एर्मोलाय कुझ्मिच यांना पाठ आहे, वेन्याने त्यांना विचारावं. ते पूर्ण म्हणतील, मध्ये थांबवता येत नाही.

साधूशेजारी बाई कशी, म्हणून गल्लीत बोलतील. बोलू द्या. दोघंही मयत, त्यातला एक तर दोनदा.

मला वाईट वाटतं ते एकाच गोष्टीचं. नाझारशेजारी स्मशानात माझी जागा राखलेली आहे. कुंपण त्यांनीच केलं, आणि दोन माणसं बसतील एवढा बाकही. मी तिथे येईन असं त्यांना वचन दिलं होतं. परवा जाऊन सांगितलं. "नाझार, मी येत नाही. बाबांना कागद नाही म्हणून मी तिकडे जाते." वारा नव्हता, काही नव्हतं. बराच वेळ बसले. मला वाटतं, ते "बरं" म्हणाले.

ती जागा रिकामी राहू नये. ती मी एर्मोलाय कुझ्मिच दुद्निक यांना देत आहे. त्यांची बायको दुसऱ्या गावी लेकीकडे पुरली आहे आणि इथे त्यांचं कुणी नाही. दोघं डोमिनो खेळायचे, नाझार गप्प आणि हे बडबडे, बरं जमायचं. अट एकच: तिथलं कुंपण सरकवायचं नाही.

कलम नववे. किरकोळ.

चहाचं पाणी उकळायचा समोवार देवळाला. गाठी सोडवून गुंडाळलेल्या सुतळ्या, बरण्या आणि मेणबत्त्यांची बुडखी ज्याला काटकसर कळते त्याला. कुणीच नसेल तर महाराजांना, त्यांना शिकता येईल. कोबी चिरायची मोठी पाटी शेजारच्या कापितोलीना हिला. ती पाटी सहासष्ट सालापासून तिच्याकडेच आहे. आता निदान ती मी दिली असं होईल.

कलम दहावे. चिठ्ठ्या.

बाबांनी जाताना दुसरी गोष्ट सांगितली होती: "मी खरोखर गेलो की माझं नाव जिवंतांच्या चिठ्ठीत घाल. आता तिकडे बरोबर बसेल." त्याप्रमाणे एकाहत्तरपासून मी ते प्रकृतीसाठी देते. नवीन पुरोहितांनी एकदा विचारलं, "हे पाखोमी दिसत नाहीत कधी. तब्येत कशी आहे?" मी म्हटलं, "आता उत्तम." मृतांच्या चिठ्ठीत त्यांच्या जागी गेरासिम. त्याच्या स्वतःच्या नावाने त्याला आठवणारं दुसरं कुणी नाही. या दोन्ही चिठ्ठ्या माझ्यामागे महाराजांनी चालवाव्यात. त्यांनी होकार दिला आहे. माझं नाव कुठे घालायचं ते त्यांनीच ठरवावं. मी हट्ट धरत नाही.

कलम अकरावे आणि शेवटचे.

मला पुरताना भाषण नको. मंत्र महाराज म्हणतील. वेन्याने पुढच्या वसंतात वर बटाटे लावावेत. लाल सालीचे, ते त्या मातीत बरे येतात. एर्मोलाय कुझ्मिच देव मानत नाहीत, त्यांनी प्रार्थना म्हणू नये, चुकतील. त्यांनी माती पुरी झाल्यावर टोपी काढावी आणि वाफ्याकडे तोंड करून, बाबांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणावं: "सगळे आहेत. झोपा."

येणेप्रमाणे लिहून, पुन्हा वाचून, खाडाखोड न करता सही करते.

ग्लाफिरा मोरोश्किना

साक्षीदार पहिले: सिल्वेस्तर, मठाधिपती. मजकूर माझ्यासमोर वाचला. कलम सहा मी ऐकलेलं नाही असं समजावं.

साक्षीदार दुसरे: ए. कु. दुद्निक, निवृत्त पोलीस. मजकूर बरोबर. कुंपण सरकवत नाही, ते आपोआप झुकतं. शेवटचं वाक्य म्हणून पाहिलं, पहिल्या वेळी जमलं नाही. सराव करीन. आज रोजी परिस्थितीत बदल नाही.

निझ्नये ओसोकिनो, बटाटे काढून झाल्यावर, १३ ऑक्टोबर १९९८.